आठव्या पानाचं गाठोडं

आमच्या शिवणकामाच्या दुकानात बाईंचा शब्द शेवटचा. बाई म्हणजे मालकीण. मी काज-बटणं करते, म्हणजे प्रत्येक कपड्याला शेवटचा हात माझा आणि बोलणी खायला पहिला नंबरही माझाच. बाईंचे नियम पुष्कळ, पण एक म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ज्याने कापड बेतलं, त्यानेच ते शिवायचं. बेतलेले तुकडे चिंधीने बांधून आपल्या फळीवर ठेवायचे आणि दुसऱ्याच्या गाठोड्याची गाठ कुणी सोडायची नाही. फ्रॉकवाली काम सोडून कायमची दुसऱ्या गावी गेली, तेव्हाच काय ती तिची गाठोडी उघडली. बाईंची नात टेबलाखालून बघत होती. ही गाठ का सोडली, असं तिने विचारलं. ती आता परत येणार नाही म्हणून, असं बाईंनी सांगितलं.

या नातीला आम्ही बटण म्हणतो. गोल, एवढीशी, आणि सतत टेबलाखाली हरवलेली.

बटणची आई, म्हणजे बाईंची सून, लांबच्या देशातली. तिची भाषा स्वाहिली. लग्नाच्या वेळी बाईंनी नाक मुरडलं होतं. पण सुनेचा हात कात्रीवर असा बसला की पुढे पुढे तिच्याशिवाय बाईंचं पान हलेना.

उरल्यासुरल्या कापडातून सून लेकीसाठी चित्रांचं पुस्तक शिवत होती. पानं कापडाची, त्यांवर तिच्याकडचे प्राणी, आणि खाली रंगीत दोऱ्याने दोन्ही भाषांतले आकडे. एक हत्ती, मोजा. दोन जिराफ, म्बिली. पहिलाच आकडा ‘मोजा’ ऐकून बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या होत्या. गणवेशाच्या खाकी तुकड्यांची माकडं झाली, पडद्याच्या करड्या कापडाचे पाणघोडे झाले. सातव्या पानावर सात कासवं आली, साबा, आणि सून तापाने पडली. दवाखान्यातून ती घरी आलीच नाही. तिथूनच तिला निरोप दिला. तेवढे दिवस बटण माझ्या घरी होती.

बटणला सांगितलं, आई माहेरी गेलीय. हे बाईंच्या मुलाचं म्हणणं. मोठी झाली की सांगू, आत्ता माझ्याच्याने होणार नाही, म्हणाला. माहेर इतकं लांबचं की खोटं सहज खपलं. मला ते मुळीच पटलं नव्हतं, पण माझं ऐकतंय कोण!

तेव्हापासून बटण सातच्या पुढे जाईना. दुकानाच्या पायऱ्या मोजत चढायची, साबा झालं की पुन्हा मोजापासून सुरू. माझ्याजवळ बसून बटणांचे ढीग लावायची, तेही सात-सातांचेच. शाळेतल्या शिक्षिकेचा निरोप आला की मूल मागे पडतंय, पुढच्या वर्गात घालायचं की नाही ते बघावं लागेल. झालं. बाईंच्या डोक्यात भुंगा शिरला. पुस्तक अर्धवट राहिलं म्हणून पोर अडलीय, ते पुरं केलं की पुढे जाईल, असं त्यांनी ठरवूनच टाकलं.

सुनेच्या फळीवर तिची तीन गाठोडी तशीच होती. झेब्रे, बिबटे आणि शेवटी पाणपक्षी, सगळे बेतून, खडूने खुणा करून ठेवलेले. एका दुपारी बाईंनी ती खाली उतरवली.

"बाई, आणि आपला नियम?" मी म्हटलं.

"माझा नियम आहे, मी बघते. तू तुझी काजं कर."

पण कात्री शेजारीच होती, तरी चिंधी कापली नाही, नखाने सोडवत बसल्या. मला फार वाईट वाटलं. आकडे त्यांनी मुलाला फोन करून विचारले. नाने, तिसा, कुमी.

बाईंचा टाका हुबेहूब सुनेसारखा पडला. एक बिबट्या तेवढा बाईंसारखाच रागीट झाला. मी हसू दाबलं.

शाळेतून बटण आली. बाईंनी तिला टेबलावर बसवून पुस्तक मांडीवर दिलं. ती नेहमीसारखी साबापर्यंत आली आणि थांबली. बाईंनी पान उलटलं. बटणने झेब्र्यांवरून बोट फिरवलं, मग एकेक पान उलटत सगळं म्हणून दाखवलं. नाने, तिसा, कुमी. आठ, नऊ, दहा. कुठे अडखळली नाही.

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की झालं की नाही माझं खरं!

"मला आधीपासून येतं," बटण म्हणाली. "आईने शिकवलं होतं. पण हे तिने शिवायचं राहिलं होतं ना, म्हणून मी थांबले होते."

ती टेबलावरून उतरली आणि आईच्या फळीपाशी गेली. फळीवर फक्त चिंध्या होत्या, बाईंनी नीट घडी घालून ठेवलेल्या. तिने एक उचलून पाहिली.

"आजी, तू गाठ सोडलीस?"

बाई फळीपाशी आल्या आणि उरलेल्या चिंध्या उगाच पुन्हा सारख्या करू लागल्या.

"म्हणजे आई परत येणार नाही," बटण म्हणाली. तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं.

बाईंनी मान हलवली. नाही.

बटण चिंधी मुठीत धरून टेबलाखाली गेली. गुडघे दुखतात म्हणून पडलेली सुईसुद्धा मला उचलायला लावणाऱ्या बाई तिच्यामागे टेबलाखाली शिरल्या. दोघींचं रडणं ऐकू यायला लागलं, तसं मी उठून दुकानाचं दार लावून घेतलं.