माझे कुलूप कच्चे होते

मी एक जुना फोन आहे. माझी पाठ चार स्क्रूंनी उघडते आणि आजवर ती सात वेळा उघडली गेली आहे. मित्रांनो, फोनच्या वयाने पाहिले तर मला आजोबाच म्हणायला हवे.

माझा जन्म फिनलंडमधल्या कोइवुला गावी, तळ्याकाठच्या एका जुन्या लाकूडगिरणीत झाला. त्या गावात पूर्वी फोनचा प्रचंड कारखाना होता. अर्धे गाव तिथे कामाला जाई. मग एका वर्षी कारखान्याला टाळे लागले. यंत्रे जहाजावर चढून दूरदेशी गेली, माणसे मात्र मागेच राहिली. त्यांतल्या अकरा जणांनी मिळून गिरणीची जागा घेतली आणि पुन्हा फोन बनवायला सुरुवात केली. त्यांचे म्हणणे साधे होते. फोन आपल्याकडे बनावा, तो घरच्या घरी दुरुस्त करता यावा आणि त्याने मालकाची चुगली कुणाकडे करू नये.

मला हेल्वीने जोडले. साठीला टेकलेली, रुंद हातांची, मोजके बोलणारी बाई. मोठ्या कारखान्यात तिने बावीस वर्षे काढली होती, पण तिथे तिच्या वाट्याला एकच तुकडा बसवायचे काम असे. पहिल्या स्क्रूपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत तिने जोडलेला पहिला फोन मी. माझा पडदा उजळला तेव्हा ती मला ॲप्रनच्या खिशात घालून बाहेर धक्क्यावर गेली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत उभी राहिली.

परत आली तेव्हा कौको हसत होता. फोनच्या आतली सगळी प्रणाली हा एकटा माणूस सांभाळायचा.

"काय गं हेल्वी, फोन जोडलास की बाळंतीण झालीस?"

"तू गप्प बस आणि कॉफी ठेव," हेल्वी म्हणाली. पण तिचे डोळे ओले होते, हे खिशातून बाहेर येताना मी पाहिले.

तिने मला आपल्या मुलीला, साइमीला दिले. घरी मार खाऊन, जीव मुठीत धरून निघालेल्या बायकांसाठी गावाबाहेर एक आसरागृह होते. ते साइमी चालवायची. त्या घराचा पत्ता कुठेही लिहिलेला नव्हता.

ती माझी ऐन उमेदीची वर्षे. साइमी कुठे जाते, कुणाला भेटते, काय विकत घेते, हे मी कधी कुणाला कळवले नाही. इतर फोनांवर सतत जाहिराती येत. माझ्याकडे शांतता असे. एकदा मी होडीतून तळ्यात पडलो. हेल्वीने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडले, वाळवले आणि नवा पडदा बसवला. बॅटरी तर तिने तीनदा बदलली. हेलसिंकीहून एक वार्ताहर आला आणि माझ्या उघड्या पाठीचा फोटो वर्तमानपत्रात छापून आला. हेल्वीने ते कात्रण फ्रिजवर लावले. मला भारी अभिमान वाटला.

पण मित्रांनो, माझ्यात एक उणीव होती. फोनच्या कुलपात अधूनमधून भोके सापडतात. ती बुजवणारी दुरुस्ती वेळेवर मिळावी लागते. मोठ्या कंपन्यांकडे त्या कामाला शेकडो माणसे असतात. आमच्याकडे एकटा कौको होता. त्याची दुरुस्ती कधी सहा आठवडे उशिरा येई, कधी नऊ. शिवाय किल्ली जपून ठेवणारा एक खास पक्का भाग महागड्या फोनांत असतो. तो माझ्यात बसवलेलाच नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होते. त्याने काही बिघडत नाही, असे सगळेच म्हणत.

त्या हिवाळ्यात आसरागृहात तुइरे आली. सोबत सहा वर्षांची हिल्ला. तुइरेने स्वतःचा फोन मुद्दाम घरी ठेवला होता, कारण नवरा फोन दुरुस्तीच्या धंद्यातला. साइमीने मला तिच्या हाती दिले.

"हा माझ्या आईने बनवलाय. हा कुणाला काही सांगत नाही," ती म्हणाली.

तुइरेने मला दोन्ही हातांत धरले. हिल्ला माझ्यावर पावसाचा आवाज लावून झोपायची. तिची आई नेहमी दाराकडे तोंड करून बसायची. हळूहळू ती खिडकीकडेही तोंड करून बसू लागली. एक दिवस ती हिल्लाच्या एका वेड्या प्रश्नावर मोठ्याने हसली आणि आपणच दचकली.

कायद्याने बापाला पंधरा दिवसांतून एकदा मुलीला भेटता येई. ती भेट तिऱ्हाईत ठिकाणी, माणसांच्या देखत व्हायची. एकदा हिल्लाने हट्ट धरला, म्हणून तुइरेने मला तिच्या कोटाच्या खिशात ठेवले. भीती वाटली तर लगेच फोन करता येईल, असे तिला वाटले. कोट बाहेर खुंटीला टांगलेला होता. हात धुऊन येतो म्हणून बाप बाहेर गेला आणि त्याच्या हाताला मी लागलो.

त्याने खिशातले एक छोटे यंत्र काढून मला वायरने जोडले. मी ओरडू शकत नव्हतो. बुजवायचे राहिलेले ते एक भोक त्याला माहीत होते. दहा मिनिटेही लागली नाहीत. साइमीचा नंबर, रोज मुक्काम असायचा ती जागा, सगळे त्याच्यासमोर उघडे पडले. त्याने मला पुसले आणि खिशात परत ठेवले. हिल्लाने घरी जाताना मला पावसाचा आवाज लावायला सांगितला. मी लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आसरागृहाच्या अंगणात उभा होता. तुइरेचे नाव घेऊन हाका मारत होता, तेही अगदी प्रेमळ आवाजात. साइमीने दाराला आतून कडी घातली आणि पोलिसांना बोलावले. ते येईपर्यंत तुइरे हिल्लाला कुशीत घेऊन न्हाणीघरात जमिनीवर बसून होती. कुणाला इजा झाली नाही. पण संध्याकाळच्या आत दोघींना दूरच्या गावी हलवावे लागले. जेमतेम सवयीची झालेली खिडकी मागे राहिली.

तुइरेने मला साइमीच्या हातात ठेवले. ती रागावली नाही. "तुम्ही चांगल्या मनाने दिला होता," एवढेच म्हणाली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

कौकोने मला तपासले आणि काय घडले ते खाली मान घालून सांगितले. मग साइमी मला घेऊन आईकडे गेली. हेल्वीने सॅमन माशाचे सूप केले होते. ती खुशीत होती, कारण जिल्ह्यातल्या सगळ्या आसरागृहांसाठी चाळीस फोन घ्यायचे होते आणि निवड साइमीच्या हातात होती. चाळीस फोन म्हणजे गिरणीचा अख्खा हिवाळा.

"आई, ते चाळीस फोन मी तुमच्याकडून घेणार नाही," साइमी म्हणाली.

हेल्वीच्या हातातला सुपाचा डाव हवेतच राहिला. "मग कुणाकडून?"

साइमीने एका अमेरिकन कंपनीचे नाव घेतले.

"त्यांच्याकडून? जगभरातल्या माणसांवर पाळत ठेवून श्रीमंत झालेत ते! त्यांच्या पहाऱ्यातून सुटायचं म्हणून त्यांचाच फोन विकत घ्यायचा? डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?"

"त्यांची प्रणाली पुसून टाकायची. काही लोकांनी फुकट बनवलेली दुसरी प्रणाली आहे, ती भरायची. पाळत नाही, आणि दुरुस्ती दोन दिवसांत येते. विचित्र आहे खरं. पण ती प्रणाली त्यांच्याच फोनांवर चालते, आई. कुलूप त्यांचंच पक्कं आहे."

"आणि इथली माणसं? पुन्हा घरी बसवायचं का आम्हाला? एकदा बसवलंच होतं की."

"मला ते दिसत नाही का? मी त्याच कारखान्याच्या पगारावर वाढलेय ना? उद्या मला माझ्यासाठी फोन हवा असेल तर तुझाच घेईन. पण मी माझ्यासाठी घेत नाहीये."

हेल्वी उठून भांडी घासू लागली. घासलेलीच भांडी पुन्हा घासली. मी टेबलावर पडून होतो. मला तिची बाजू घ्यावीशी वाटत होती. तिने मला जन्म दिला होता. पण साइमीचे एक अक्षरही खोटे नव्हते, हे माझ्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

दोन दिवस मायलेकी एकमेकींशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हेल्वीने फोन केला.

"ती पोर न्हाणीघरात किती वेळ बसली होती?"

"वीस मिनिटं."

मग हेल्वी म्हणाली, "तुझे ते परके फोन आले की माझ्याकडे आण. प्रणाली भरायची तर हात स्थिर लागतात, आणि मन जाग्यावर. तुझं आत्ता नाहीये."

अशा रीतीने, मित्रांनो, गिरणीतल्या ज्या टेबलावर माझा जन्म झाला, त्याच टेबलावर हेल्वीने ते चाळीस परके फोन तयार केले. एकेक पुसला, एकेक भरला, प्रत्येकाचे कुलूप तीनतीनदा तपासले. कौको शेजारी उभा राहून बघत होता.

"शत्रूचं बाळंतपण करतेस, हेल्वी."

"बाळाचा काय दोष?" ती म्हणाली. "आणि तू असा उभा राहू नकोस. ते दोन दिवसांत करतात ते आपल्याला नऊ आठवडे का लागतात, ते सांग मला. कॉफी नंतर."

त्या हिवाळ्यात गिरणीतल्या पाच जणांना दुसरीकडे काम शोधावे लागले. ही गोष्ट मी गोड करून सांगणार नाही. राहिलेल्या सहा जणांनी प्रत्येक फोनच्या डब्यात एक चिठ्ठी घालायला सुरुवात केली. तुमच्या जिवाला कुणापासून धोका असेल तर हा फोन घेऊ नका, असे त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलेले असे. विक्री आणखी घटली. पण ती चिठ्ठी वाचून पोर्तुगालमधल्या आणि स्लोव्हेनियातल्या दोन लहान कारखान्यांनी कौकोला पत्रे लिहिली. त्यांचेही दुखणे तेच होते. आता तिघे मिळून दुरुस्तीचे काम वाटून घेतात आणि ती आठवड्याभरात येते. नव्या फोनांत तो पक्का भागही बसवतात. पाचांतले दोघे परत कामावर आले आहेत.

माझ्यात तो भाग बसवायला जागाच नाही. मी आता हेल्वीच्या स्वयंपाकघरात असतो. हवामान सांगतो, पाव भाजायची वेळ मोजतो. तुइरेला हेल्वीचा नंबर साइमीने दिला होता. दर रविवारी एक फोन येतो. नंबर दिसत नाही. हिल्ला पडलेल्या दाताबद्दल बोलते, शाळेबद्दल बोलते. मग तुइरे बोलते. त्या कुठून बोलतात, हे हेल्वीने कधीही विचारलेले नाही. एकदा हिल्लाच्या तोंडून गावाचे नाव निघू लागले, तर हेल्वी घाईने म्हणाली, "नको गं बाळा, या आजीला नावं लक्षात राहत नाहीत." तिला सगळी नावे लक्षात राहतात.

मित्रांनो, आम्हा वस्तूंवर माया करा. आम्हाला फेकू नका, उघडून बघा, दुरुस्त करा. आम्हाला घडवणारे हात तुमच्या शेजारचे असतील तर त्या हातांना काम द्या. पण आमच्यावर जीव आहे म्हणून आमचे उणे झाकू नका. आमच्या भरवशावर कुणी डोळे मिटणार असेल तर आधी आम्हाला नीट पारखा, आणि आम्ही कमी पडलो तर ते घडवणाऱ्याला तोंडावर सांगा. मला वाईट वाटणार नाही. मला वाईट वाटले ते एकदाच, पावसाचा आवाज लावताना.

आता थांबतो. आज रविवार आहे आणि मी वाजू लागलो आहे. हेल्वी हात पुसत, जवळजवळ पळतच येते आहे.