लिंबाचे डाग

लातूर नवा जिल्हा झाला आणि नरसिंगला कलेक्टर कचेरीत नोकरी लागली. तेव्हापासून त्याच्या आईनं, पार्वतीबाईनं, दोन गोष्टींचा ध्यास घेतला होता. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा आणि घरात सून. ओटा झाला. काळाभोर कडप्पा, तोंड दिसावं असा. सून मात्र अडली होती. दुष्काळ सुरू होता. मुलींचे बाप यायचे, टँकरपुढची घागरींची रांग बघायचे आणि 'कळवतो' म्हणून परत जायचे.

त्या रविवारी अर्धापूरहून लिंबाजी येणार होते, नरसिंगला सांगून आलेल्या महानंदाचे वडील. केळीच्या बागांचं, पाटाच्या पाण्याचं गाव. पार्वतीबाईनं सकाळीच सरबताला लिंबं चिरली, फोडी ओट्यावर पालथ्या ठेवल्या आणि घर झाडायला गेली. येऊन उचलल्या, तर काळ्या फरशीवर पांढरी वर्तुळं उठलेली. पुसली, राखेनं घासली. काही उपयोग झाला नाही. तिनं खाली बसकणच मारली.

"आता काय दाखवू त्याहिला? पाणी न्हाई अन् ओटाबी असा."

"माय, लिंबानं वरची चकाकी खाल्ली. घासू आपण," नरसिंग म्हणाला आणि दुकानातून बारीक पॉलिश पेपर घेऊन आला. घासायला पाणी हवं होतं. तांदूळ धुतलेलं पाणी बाजूला ठेवलेलं होतं, तेच घेतलं. वर्तुळं गेली, पण तेवढी फरशी राखाडी, भकास दिसायला लागली.

"लई वंगाळ झालं रे."

मग पार्वतीबाईलाच सुचलं. तिनं दिव्याची काजळी खोबरेल तेलात कालवली आणि फडक्यानं चोळायला घेतली. चोळेल तसा दगड काळा होत चालला. तिच्या हातात जोर आला, तोंडात गाणं आलं. नरसिंगही दुसरं फडकं घेऊन भिडला.

एवढ्यात कडी वाजली. दुपारी यायचे पाहुणे सकाळच्याच गाडीनं आले होते. नरसिंगनं दार उघडून "जय भीम" म्हणत हात जोडले. हात कोपरापर्यंत काळे, नाकही काळं. लिंबाजी बघतच राहिले. त्यांची थोरली बहीण धुरपताबाई मात्र थेट स्वयंपाकघरात शिरली.

"काय करून राहिले मायलेक?"

पार्वतीबाईला खोटं सुचेना. "लिंबानं ओटा खराब झाला, बाई. तुमी यायच्या आत नीट करावं म्हणलं."

धुरपताबाईनं ओट्यावरून बोट फिरवलं. "ह्या कोपऱ्यात राहिलं की," म्हणाली, पदर खोचला आणि नरसिंगच्या हातातलं फडकं घेतलं. दोघी चोळत राहिल्या, बोलत राहिल्या. महानंदा कशी हसते, काय शिकली, सगळं निघालं. बाहेर नरसिंगनं हात धुऊन लिंबाजींना सरबत दिलं.

"खरं सांगू?" धुरपताबाई म्हणाली. "आमी न्हाई म्हणायलाच आलतो. बिनपाण्याच्या गावात पोरगी कशी द्यावी? पर मायसंग ओटा घासणारा पोरगा मला कुठं घावला न्हाई." मग बाहेर आवाज दिला, "लिंबाजी, मला घर पसंत हाय. पोरीला इचारू अन् तारीख धरू. काय विहीणबाई?"

 पार्वतीबाईनं मान हलवली आणि काळ्या हातांनीच डोळे पुसले. ते तोंड बघून धुरपताबाई हसत सुटली, मग तीही.

आठवडाभरात निरोप आला, महानंदा हो म्हणते. पार्वतीबाईनं टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकीच्या हातावर साखर ठेवली.