बोथट तलवारीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी तलवार आहे, कॉलेजच्या नाटकातली. खरी लढाई मी एकही पाहिली नाही. पण माझ्या हातून शेकडो माणसं मेली आणि पडदा पडल्यावर सगळीच्या सगळी उठून चहा प्यायला गेली. यापेक्षा मोठा मान कुठल्या तलवारीला मिळाला असेल, सांगा बरं?

लोहाराने मला मुद्दाम धार न लावताच घडवलं. नाटक बसवणाऱ्या बाई भलत्या कडक. मार खाणाऱ्याने आधी मान हलवायची, मगच मारणाऱ्याने वार करायचा, हा त्यांचा नियम. प्रत्येक प्रयोगाआधी सगळी मारामारी त्या एकदा अगदी सावकाश करून घ्यायच्या. लोखंडावर लोखंड आपटून माझ्या कडेला बारीक दाते यायचे, तेही त्या स्वतः कानशीने घासून काढायच्या.

बाई निवृत्त झाल्या आणि माझे हाल कुत्रा खाईना. कुणी माझ्या पात्याने खिळे उपटले, कुणी डबे उघडले. माझी कड करवतीसारखी झाली, पण कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

मग नाटकांची स्पर्धा आली. लंबू सेनापती झाला, गोट्या बंडखोर. दोघे जिगरी दोस्त, पण त्या दिवशी सकाळीच गोट्याने सगळ्यांसमोर लंबूची नक्कल केली होती आणि लंबू आतल्या आत धुमसत होता. पडदा सांभाळणाऱ्या मुलीला सगळे चिडवून हेडमास्तरीण म्हणत. ती म्हणाली, "मारामारी एकदा सावकाश करून घ्या ना रे."

"तुझं काम पडदा ओढायचं. तो ओढ," लंबू म्हणाला.

पहिला वार नीट झाला. दुसऱ्याला टाळ्या पडल्या आणि त्या लंबूच्या डोक्यात गेल्या. गोट्याने मान हलवायच्या आतच त्याने मला गरकन फिरवलं. माझे दाते गोट्याच्या भुवईत रुतले, कातडी फाटली, डोळा रक्ताने भरला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. गोट्या आंधळ्यासारखा चाचपडत मागे सरकला, तर लंबूने मला पुन्हा डोक्यावर उचललं. मित्रांनो, माझी मूठ दुसऱ्याच्या हातात असते. मला थांबायचं होतं, पण थांबणार कशी?

पडदा मध्येच पडला तर नाटक बाद, हे हेडमास्तरणीला ठाऊक होतं. तिने दोर सोडला. पडदा धाडकन खाली आला, लंबू दचकला, तोवर तिने धावत येऊन त्याचं मनगट धरलं.

"वेड लागलंय का तुला?" लंबू तिच्यावर ओरडला.

"ते रक्त आहे, लंबू."

"रंग आहे तो."

"रंग आपण आणलाच नव्हता."

लंबूच्या हातातून मी गळून पडले.

गोट्याला टाके पडले, पण डोळा वाचला. इकडे बक्षीस गेलं म्हणून सगळे हेडमास्तरणीशी अबोला धरून बसले. संध्याकाळी गोट्याची आई आली. तिने विचारलं, "पडदा कुणी पाडला?" बोलणी खायची तयारी ठेवून पोर मान खाली घालून पुढे झाली. आईने तिला पोटाशी धरलं आणि कितीतरी वेळ सोडलंच नाही.

मित्रांनो, नाटकात खुशाल लढा, मरा. फक्त कुणी "थांबा" म्हणालं तर तिथल्या तिथे थांबा. आणि थांबवणाऱ्यावर रुसू नका.