मागची उजवी बाजू

"हा स्प्रिंगचा पाटा कुणी घातला?" आरटीओच्या साहेबांनी जीपखाली वाकूनच विचारलं.

कल्याणप्पा मिस्त्री टोपी काढून पुढं आले. "म्या घातला, साहेब."

"उजवीकडं एक पाटा जास्त आहे. कंपनीनं दिलेत तेवढेच चालतात. उद्या गाडी पलटली तर विमा कंपनी हात वर करील, आणि सर्टिफिकेटवर सही माझी असेल. काढा तो."

नळदुर्गच्या नाक्यावर त्या दिवशी गाड्यांच्या पासिंगचा कॅम्प होता. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. जीप लोहाऱ्याकडच्या एका सहकारी संघाची, दुष्काळी कामांवरच्या मजुरांना खायला सुकडीची पोती पोचवणारी. चालवायचा कोंडिबा. निघतानाच चेअरमननी बजावलं होतं, आज पास झाली नाही तर गाडी तशीच सोलापूरला भंगारात जाईल. चेअरमन दुष्काळातही गोल राहिलेले गृहस्थ. पण अशा बाबतीत शब्दाचे पक्के.

पाटा निघाला. कल्याणप्पांनी जॅक सोडला, तशी रिकामी जीप मागच्या उजव्या अंगाला हळूच बसली.

"पाटे मोडलेत का?"

"न्हाय साहेब. नवे घातले. डावीकडले उजवीकडं घालून बघितले. तरी ह्याच अंगाला बसती." लोखंडाचा दोष लोखंडातच सापडतो असं मानणारा हा माणूस, या जीपपुढं मात्र त्यानं हात टेकले होते. बोलताना तो कोंडिबाकडं बघत नव्हता.

कोंडिबाची बायको द्वारका खडी फोडायच्या कामावर होती. पोती उतरवून झाली की तो तिला गाडीतून घरी आणायचा. चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी कसं बसायचं, म्हणून ती मागं बसायची, बरोबर त्याच्या पाठीशी. चैत्रात एका दुपारी ती उन्हानं कामावरच कोसळली. कोंडिबानं दवाखान्याकडं जीप पिटाळली, आणि नळदुर्गच्या अलीकडं कुठंतरी मागचं कण्हणं थांबलं. माती झाली. दुसऱ्या दिवशी त्यानं जीप बाहेर काढली, तर ती त्या अंगाला बसलेली.

त्याला भीती वाटली नाही. बरं वाटलं, हेच खरं. त्या जागेवर तो कधी पोतं ठेवत नसे. खड्डा आला की गाडी हळू घ्यायचा. घरी त्याच्या तोंडातून शब्द निघत नसे, गाडीत मात्र पाऊसपाण्याचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं सगळं सांगत बसायचा.

"वाकडी गाडी मी पास करणार नाही," साहेब म्हणाले आणि पुढच्या ट्रककडं वळले.

"साहेब, जरा थांबा."

कोंडिबा मागं गेला. जीपचा मागचा फळका खाली पाडला. रांगेतले ड्रायव्हर बघत होते. त्याला लाज वाटली, तरी तो आत वाकून हलक्या आवाजात बोलला.

"द्वारके, उतर जरा. साहेब बघायलेत."

काही झालं नाही.

"अगं, ही गाडी गेली तर आपुन दोघांनी बसावं कुठं? जराशी उतर. मंग चढ की."

पाटे करकरले. अवघडलेलं माणूस कडेला धरून सावकाश उतरावं, तशी जीप इंच इंच वर आली आणि सरळ उभी राहिली. खालच्या फुफाट्यावर पाऊल काही उमटलं नाही. कल्याणप्पा दोन पावलं मागं सरले आणि पुटपुटत हात जोडून उभे राहिले.

साहेबांनी जीपला एक चक्कर मारली. रिकाम्या बाकाकडं बघितलं, कोंडिबाच्या तोंडाकडं बघितलं. भर उन्हात त्यांच्या अंगावर काटा आला असावा, कारण त्यांनी बाहीचं बटण लावलं. मग काही न विचारता सही केली.

"झालं बघ," कोंडिबा फळक्यापाशी येऊन म्हणाला. "बस आता."

जीप सरळच होती.

"साहेब गेले पलीकडं. कुणी बघत न्हाय. चढ."

तो उभाच राहिला. ऊन कललं, तरी जीप हलली नाही.

"कोंडिबा," कल्याणप्पा जवळ येऊन म्हणाले, "पास झाली न्हवं गाडी? जा आता घरी."

"व्हय. निघतो." त्याचा आवाज फाटला. "म्याच उतरवलं हो तिला, अप्पा."

कल्याणप्पांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

कोंडिबानं फळका तसाच उघडा ठेवला आणि जीप रस्त्याला लावली. पायी चालणाऱ्याला गाठता यावी, इतक्या सावकाश तो चालवत होता. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. हात बाहेर काढून तो त्यांना पुढं जा म्हणत राहिला.