ऐंशी ग्रॅम पावडर

प्रिंटर स्वस्तात गळ्यात मारायचा आणि मग त्याच्या पोटातल्या कार्ट्रिजसाठी गिऱ्हाइकाची जन्मभर मान पिरगाळायची, ही अक्कल ज्या कुणाला पहिल्यांदा सुचली, त्याला वहिनी रोज सकाळी दुकानाचं शटर वर करताना एक शिवी देत असे. शिवी तशी साधीच. पण शटरच्या खडखडाटात ती मनसोक्त मोठ्याने देता यायची.

वहिनी म्हणजे खरं तर फक्त दिराची वहिनी. पण दीर दिवसभर "वहिनी, वहिनी" करत फिरायचा, त्यामुळे बाकावर काम करणाऱ्या दोघी, गिऱ्हाइकं, समोरचा चावीवाला, सगळ्यांचीच ती वहिनी होऊन बसली होती. नवरा जहाजावर. वर्षातून दोनदा घरी यायचा, दुकानात डोकवायचा, सगळ्यांचे काळे हात बघायचा आणि दाराशीच उभा राहून बोलायचा. दुकान चालवायचे ते वहिनी आणि दीर.

कंपनीचं कार्ट्रिज संपलं की लोक ते कचऱ्यात फेकतात. वहिनी ते आणायची, स्क्रू काढून दोन भाग करायची, आतली जुनी राख झाडायची, घासलेला ड्रम बदलायची, ब्लेड बदलायची, पानं मोजणारी चिप बदलायची आणि नवी पावडर भरून ते परत उभं करायची. कंपनीच्या निम्म्याहून कमी भावात. पावडर किती? ऐंशी ग्रॅम. काट्यावर. "एक्क्याऐंशी झाले तरी ओतून काढायचे," हा तिचा नियम, आणि त्यावरून दिराशी तिचं आठवड्यातून एकदा तरी वाजायचंच.

"वहिनी, पोट आहे शंभराचं, तुम्ही भरता ऐंशी. गिऱ्हाईक उपाशी ठेवता."

"भावजी, तुम्ही जेवता तसं कार्ट्रिजला जेवायला घातलं तर ते तुमच्यासारखंच हलेनासं होईल."

बाकावरच्या दोघी खाली माना घालून हसायच्या. दिराचं पोट शर्टाच्या चौथ्या बटणाला फार दिवस छळत होतं.

दुकानाचा खरा आधार म्हणजे पाणीपट्टीचं कार्यालय. चौदा प्रिंटर, रोज हजारो बिलं. बाकीची गिऱ्हाइकं म्हणजे किरकोळ. ते कार्यालय गेलं असतं तर बाकावरच्या दोघींना घरी बसवावं लागलं असतं. त्यातली एक तर अकरा वर्षं त्याच बाकावर होती. म्हणून कार्यालयाच्या भांडारपालाचा फोन आला तेव्हा वहिनीने हातातलं काम बाजूला ठेवलं.

"वहिनी, कंपनीचा माणूस येऊन बसलाय आमच्या अधिकारीबाईंकडे," भांडारपाल हळू आवाजात म्हणाला. "सांगतोय, भरलेल्या कार्ट्रिजनी मशिनं मरतात. बाई म्हणाल्या, समोरासमोर लावा. सोमवारी दहा वाजता. एकसारखे दोन प्रिंटर, एकात त्यांचं, एकात तुमचं. ज्याची स्वच्छ बिलं जास्त, त्याला वर्षाचं काम."

वहिनीने त्या कार्ट्रिजवर लेकीच्या लग्नासारखी मेहनत घेतली. ड्रम नवा, ब्लेड नवी, रोलर स्पिरिटने पुसलेला. पावडर ऐंशी. शनिवारी दुपारी ते बांधून कपाटात ठेवलं आणि ती जेवायला घरी गेली.

तेवढ्यात घात झाला.

कंपनीचा माणूस, गळ्यात टाय, पायात आरसा दिसेल असे बूट, शनिवारी त्याच रस्त्याने चालला होता. दुकानाच्या दारात थांबला आणि दिराला म्हणाला, "काका, सोमवारी या, पण लवकर निघायची तयारी ठेवा. तुमचं कार्ट्रिज हजार बिलांवर आटपेल." काका म्हटलं, हे दिराला जास्त झोंबलं. तो गेल्यावर दिराने कपाट उघडलं, कार्ट्रिज उघडलं आणि त्यात वरून अजून पावडर ओतली. दाबून, हलवून, पुन्हा ओतली. परत बांधून जागेवर ठेवलं. बाकावरच्या दोघींना म्हणाला, "वहिनीला सांगाल तर बघा." आणि दोघी गप्प बसल्या, कारण त्यांनाही मनातून वाटलं, जास्त पावडर, जास्त बिलं, आपलं काम वाचलं. या धंद्यात दहा-दहा वर्षं घालवलेली माणसं, पण घाबरल्यावर हिशोब कसा सोपा होतो बघा.

सोमवारी दहाला कार्यालयाच्या लांबट खोलीत दोन टेबलं लावलेली. अधिकारीबाई चष्मा कपाळावर चढवून मध्ये बसल्या. बारीक अंगाच्या, कमी बोलणाऱ्या, सहीसुद्धा कंजूषपणे करणाऱ्या. भांडारपाल गठ्ठे मोजायला. कारकून मंडळी "सहज" तिथूनच ये-जा करत होती.

"चालू करा," बाई म्हणाल्या.

दोन्ही प्रिंटर धडधडले. दीडशे बिलं दोन्हीकडे झकास. दिराने टायवाल्याकडे बघून मिशीवरून हात फिरवला. दोनशेच्या पुढे मात्र वहिनीचे कान टवकारले. तिच्या प्रिंटरचा आवाज जड झाला होता. आतलं पावडर ढवळणारं पातं कण्हत होतं. मग बिलाच्या कडेला राखाडी पट्टा उमटला. मग तो पट्टा ग्राहकाच्या नावावर सरकला. मग बिलं अशी बाहेर पडू लागली की जणू कुणी भट्टीतून ओढून काढलीत.

वहिनीने मान वळवली. दीर छताकडे बघत होता. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"किती?" वहिनीने विचारलं.

"अं?"

"किती घातलीत, भावजी?"

"थोडीशीच."

"किती?"

"तीस," दीर म्हणाला. "असतील. मोजले नाहीत."

"म्हणूनच मी म्हणत होतो, मॅडम," टायवाला अधिकारीबाईंकडे झुकून मधाळ आवाजात म्हणाला. "रिफिल म्हणजे हे असंच. आता मशीनच्या आतसुद्धा गेली असेल पावडर. ओरिजिनल ते ओरिजिनल."

वहिनीला त्या क्षणी तीन गोष्टी सुचल्या. एक, प्रिंटरच खराब आहे म्हणावं. दोन, दुसरं कार्ट्रिज मागावं. तीन, दिराला तिथल्या तिथे चार शब्द सुनवावेत. पहिली गोष्ट खोटी होती, दुसरी पळवाट होती आणि तिसरीला वेळ नव्हता. तिने पुढे होऊन प्रिंटर बंद केला.

"बाई, चूक आमची आहे," ती म्हणाली. "पावडर जास्त भरली गेली. शेवटची नव्वद बिलं फुकट गेली, ती आमच्या नावावर मांडा. मला एक जुना पेपर, एक स्क्रूड्रायव्हर आणि पंधरा मिनिटं द्या. माझं कार्ट्रिज मी तुमच्यासमोर उघडते."

"वहिनी!" दीर कळवळला.

"तुम्ही पेपर धरा. आणि श्वास रोखा, फुंकर बसली तर सगळं कार्यालय काळं होईल."

बाईंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. एवढं हलणंसुद्धा त्या सहसा टाळत. "उघडतं हे?" त्यांनी विचारलं.

"उघडायलाच हवं. उघडत नाही ती वस्तू आपली कसली?"

वहिनीची बोटं चालू लागली. दोन स्क्रू, एक पिन, एक स्प्रिंग. कारकुनांची "सहज" ये-जा बंद पडून आता चक्क गर्दी झाली. तिने पावडर पेपरवर ओतली, टपाल विभागातला पाकिटं तोलायचा काटा मागवला आणि ओतलेल्यातली हवी तेवढीच परत भरली. छापून गेलेल्या बिलांची पावडर वजा धरून. ब्लेड पुसली, प्रिंटरच्या आतून कोरडं फडकं फिरवलं, झाकण लावलं. चौदाव्या मिनिटाला पहिलं बिल बाहेर आलं. पांढरं शुभ्र, अक्षरं कोळशासारखी.

कुणीतरी टाळी वाजवली आणि बाईंनी बघताच ती टाळी डास मारल्याची होती असं दाखवलं.

टायवाल्याचा प्रिंटर इकडे ऐटीत चालला होता. सोळाशे बिलं झाली. सोळाशे चौथ्या बिलाला तो टुकटुकला आणि थांबला. पडद्यावर ओळ आली: कार्ट्रिज संपले, नवीन घाला.

"शेवटचं बिल बघू," वहिनी म्हणाली. तिने ते उजेडात धरलं. "बाई, बघा. कुठे फिकट आहे? पहिल्याइतकंच गडद. संपलं असतं तर आधी फिकट झालं असतं. हे संपलेलं नाही. याला थांबायला सांगितलंय."

"चिप मोजते, मॅडम," टायवाला घाईघाईने म्हणाला. "गुणवत्तेसाठी. ठरावीक पानांनंतर..."

"म्हणजे आत पावडर असली तरी?" बाई.

"अगदी नगण्य."

"मग उघडून दाखवा की," दीर म्हणाला. त्या दिवशी त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलं शहाणपणाचं वाक्य.

"उघडत नाही ते. कारखान्यात कायमचं चिकटवलेलं असतं. आणि उघडलं तर वॉरंटी जाते."

"संपलेल्या वस्तूची वॉरंटी?" बाईंनी विचारलं. मग भांडारपालाकडे वळल्या. "आपण हे विकत घेतलंय ना?"

"पावती आहे, बाई."

"करवत आणा."

"मॅडम, हे नियमात बसत नाही!" टायवाला धावला.

"कुणाच्या नियमात?" बाई म्हणाल्या. त्यांच्या कार्यालयात, त्यांच्या टेबलावर, त्यांनी घेतलेल्या वस्तूला हात लावायला त्यांना परवानगी लागते, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगत होतं, आणि ते त्यांना अजिबात आवडलं नव्हतं.

भांडारपालाने लोखंडी पाइप कापायची करवत आणली. वीस वर्षं रजिस्टरं लिहिलेला तो माणूस असा भिडला की जणू याच दिवसाची वाट बघत होता. प्लॅस्टिक किंचाळलं. टायवाला अडवायला पुढे वाकला आणि त्याच वेळी कार्ट्रिज दुभंगलं. एक काळा ढग उठला आणि त्याच्या पांढऱ्या शर्टावर अलगद जाऊन बसला.

उरलेली पावडर काट्यावर घातली. शर्टावरची सोडून बावीस ग्रॅम.

वहिनीचं कार्ट्रिज अजून चालूच होतं. ते फिकट पडायला लागलं तेव्हा भांडारपालाने आकडा वाचला. सतराशे बावन्न. घाण झालेली नव्वद सोडून सोळाशे बासष्ट. अठ्ठावन्नने पुढे.

बाईंनी कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "नव्वद बिलं तुमच्या चुकीनं वाया गेली, हे लिहिते आहे. कंपनीची बावीस ग्रॅम पावडर आमच्या पैशानं कचऱ्यात जाणार होती, हेही लिहिते आहे. वर्षाचं काम तुम्हाला. पण दर महिन्याला एक कार्ट्रिज इथे आणून, मी सांगेन ते, माझ्यासमोर उघडायचं. टपालाच्या काट्यावर. ऐंशीच्या वर गेलं तर काम बंद."

"मान्य," वहिनी म्हणाली. बाकावरच्या दोघी डोळ्यांसमोर आल्या आणि तिला एकदम खुर्चीत बसावंसं वाटलं. ती बसली नाही. जिंकल्यावर बसलेलं तिला बरं दिसलं नसतं.

बाहेर जिन्याजवळच्या नळावर टायवाला ओल्या रुमालाने छाती चोळत होता. डाग पसरत चालला होता. शिपाई त्याला चहाच्या किटलीतलं गरम पाणी देऊ करत होता.

"गरम नको!" वहिनी जिन्यावरूनच ओरडली. "वितळून कापडात बसेल, जन्मात निघायची नाही. चोळू पण नका. आधी झटका, मग गार पाणी."

त्याने वर बघितलं. आभार मानावेत की टाय काढून टाकावा, हे त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने झटकायला सुरुवात केली.

"त्याला कशाला सांगितलंत?" दीर पाठीमागून कुरकुरला. "राहू द्यायचा होता काळा."

"त्याचा शर्ट त्याच्या घरी कोण धुतं ते मला ठाऊक नाही, भावजी. पण तो धूत नसणार." मग तिने काखेतला नव्वद काळ्या बिलांचा गठ्ठा काढून दिराच्या हातात ठेवला. "आणि हे तुमचं. आत जा, भांडारपालाशेजारी बसा आणि एकेक ग्राहकाचं नाव बघून परत छापून घ्या. काळ्यात नाव दिसलं नाही तर पत्त्यावरून दारी जाऊन विचारून या."

"नव्वद दारं?"

"तीस ग्रॅम घालताना मोजले नव्हते ना? आता दारं मोजा."

ती जिना उतरून दुकानाच्या रस्त्याला लागली. दोघी बाकावर वाट बघत असणार होत्या, आणि शनिवारी दुपारी त्या दुकानातच होत्या म्हणजे त्यांनी सगळं बघितलं असणार, तेव्हा त्यांनाही गप्प बसण्याबद्दल चार शब्द सुनवायचे होते. आधी आनंदाची बातमी द्यावी की आधी शिव्या द्याव्यात, याचा विचार करत ती भराभर चालत होती.