काचेवरची टेकडी

शेषगिरीराव कॉलेज बघायला निघाले ते त्याला नापास करण्याच्या तयारीनेच. तंत्रनिकेतनात शिकून आयुष्यभर कारखान्याची टूलरूम सांभाळलेला माणूस. कोणतीही वस्तू समोर आली की आधी तिच्यातली खोट शोधायची, ही त्यांची रीत. नातीला, कीर्तनाला, भौतिकशास्त्र शिकायचे होते, आणि तेही अड्यारच्या या चिमुकल्या महिला महाविद्यालयात. तिच्या वडिलांना, सुधींद्रला, इंजिनिअरिंगखेरीज काही मान्य नव्हते आणि त्या प्रवेशाचे कौन्सेलिंग तर उद्यावर आले होते. अखेर आजोबांनी कॉलेज बघून यावे आणि ते म्हणतील तसे करावे, असे घरात ठरले.

फाटकातच त्यांनी सुरुवात केली. "एवढंच? आमचा सायकल स्टँड याहून मोठा होता."

"मग तिथेच ॲडमिशन घेऊ का, आजोबा?" कीर्तना म्हणाली.

भौतिकशास्त्र विभागाच्या ओसरीवर एक पिंप उलटे ठेवले होते. त्यावर काचेची जाड चकती होती आणि एक मुलगी तिच्यावर दुसरी चकती घाशीत पिंपाभोवती संथपणे फिरत होती. विभागप्रमुख प्रमोदिनीबाई सामोऱ्या आल्या. आजोबा-नातीचे बोलणे कानी पडताच त्यांचा चेहरा उजळला.

"मराठी! तंजावरकडची ना?"

"तीनशे वर्षं जुनी आहे. थोडी गंजली असेल," शेषगिरीराव म्हणाले. मग पिंपाकडे बोट करून त्यांनी विचारले, "हे काय?"

"दुर्बिणीचा आरसा. आमच्या मुलीच घासतात."

"हातानं? यंत्र नाही?"

"हातानंच. पहिला तयार झालाय, या."

हाताने घासलेला नग शेषगिरीरावांनी उभ्या जन्मात तपासल्याशिवाय पुढे जाऊ दिला नव्हता. अंधाऱ्या खोलीच्या टोकाला एका मिणमिणत्या दिव्याच्या उजेडात तो आरसा उभा होता. ते थेट त्याच्यापाशी गेले आणि टूलरूमच्या सवयीने, कोणी काही म्हणायच्या आत, त्यांनी काचेवर अंगठा दाबून धरला.

"ऐय्यो!" मागून एक मुलगी ओरडली.

शेषगिरीरावांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. ज्या हातांनी न विचारता नगाला हात लावणाऱ्या शिकाऊ पोरांच्या बोटांवर पट्ट्या मारल्या होत्या, त्याच हातांनी आज हे केले होते. कीर्तनाने मान खाली घातली. संपले सगळे, असे तिला वाटले असावे.

"काच बिघडत नाही," प्रमोदिनीबाई हसून म्हणाल्या. "उलट बरं झालं. इकडे या, लवकर. दिव्याजवळच्या या दाढीच्या पात्याच्या कडेला डोळा लावून आरशाकडे बघा."

त्यांनी डोळा लावला. समोर राखाडी चांदण्याने भरलेले एक गोल मैदान होते, अगदी सपाट आणि शांत. आणि त्या मैदानाच्या मधोमध, एका अंगाला उजेड आणि दुसऱ्या अंगाला सावली घेऊन, एक टेकडी उभी होती.

"हे काय आहे?"

"तुमचा अंगठा. त्याच्या उबेनं काच तेवढी फुगली. कुठल्याही मायक्रोमीटरला ही टेकडी सापडायची नाही."

शेषगिरीरावांनी पात्यापासून डोळा हलवला नाही. उभा जन्म त्यांनी मापे घेतली होती. मापाच्या पलीकडे असे काही जिवंत असते, हे त्यांना कोणी दाखवले नव्हते. आणि हे दाखवायला लागले काय, तर एक दिवा, दाढीचे पाते आणि पोरींनी घासलेली काच!

"आता काय करायचं?" बाईंनी कीर्तनाला विचारले.

"थांबायचं," ती हळूच म्हणाली. "काच निवेपर्यंत मोजायचं नाही."

"तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. ती गरम आहे ना?"

शेषगिरीरावांनी पात्यापासून डोळा काढला आणि नातीकडे पाहिले. तेवढ्यात खिशातला मोबाइल वाजला. सुधींद्र होता, ओरगडमच्या कारखान्यातून.

"काय ठरलं, अप्पा?"

"थांब जरा," असे म्हणून ते पुन्हा वाकले. टेकडी बसत चालली होती. सावली विरली, कडा पुसट झाल्या. मैदान पुन्हा एकसंध झाले. पलीकडून मुलगा हॅलो, हॅलो करीत होता.

"सुधींद्रा," ते म्हणाले, "उद्या कौन्सेलिंगला जायचं नाही. पोर इथेच शिकेल."

मग फोन खिशात टाकून, भीत भीत, त्यांनी बाईंना विचारले, "ओसरीवरच्या त्या काचेला मी थोडा वेळ हात लावला तर चालेल?"

"हात धुऊन या, आजोबा," कीर्तना म्हणाली.