मेहुण्याची जागा

सात जणांच्या रग्बीत संघ बारा जणांचा असतो. स्पर्धेला मात्र तेरा जण जातात. तेरावा सराव करतो, बर्फाचे टब भरतो, मैदानात पाणी नेतो आणि बारातला कुणी जायबंदी झाला तरच खेळतो. थोडक्यात, दुसऱ्याचं वाटोळं झाल्याशिवाय त्याचं भलं होत नाही. हे काम तो दोन हंगाम इमानेइतबारे करत होता. संघातला सर्वांत जुना खेळाडू त्याच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, म्हणून सगळे त्याला मेहुणाच म्हणत.

दाजींनीच त्याला या खेळात आणलं होतं. चेंडू छातीशी कसा धरायचा इथपासून करारावर सही कुठे करायची इथपर्यंत सगळं त्यांचंच शिकवणं. आता त्यांचं वय झालं होतं, म्हणजे बत्तीस. करार वर्षावर्षाचा, आणि पुढचा मिळणार की नाही ते याच स्पर्धेवर ठरणार होतं.

शेवटच्या दिवशी उपांत्यपूर्व ते अंतिम असे चौदा-चौदा मिनिटांचे तिन्ही सामने होते. त्या सकाळी दाजींनी त्याला कपडे बदलायच्या खोलीमागच्या संडासात ओढलं आणि कडी लावली.

"मांडीची मागची शीर धरलीय. पट्टी बांध. चड्डीखाली दिसता कामा नये."

"फिजिओला सांगा ना, दाजी."

"सांगितलं की मी घरी आणि तू आत. म्हणून तर तुलाच सांगतोय. तू तोंड उघडलंस तर लोक म्हणतील, जागेसाठी दाजीचा काटा काढला. तू नाही बोलणार."

"आणि ताईला कळलं तर? माझी चामडी सोलेल ती."

"तिला मी बघतो. तू बांध."

त्याने ओल्या फरशीवर गुडघे टेकून पट्टी बांधली. शीर हाताला तारेसारखी ताठ लागत होती.

उपांत्यपूर्व सामन्याच्या मध्यंतरात तो पाणी घेऊन मैदानात गेला. दाजींचा चेहरा पांढराफटक पडला होता. कोच हातभर अंतरावर उभा होता, एक वाक्य पुरलं असतं. त्याने तोंड उघडलं आणि "पाणी घ्या" एवढंच बाहेर आलं. परत येताना त्याचं लक्ष आपल्या पायांकडे गेलं. पाणी द्यायला तो नेहमी साधे बूट घालायचा. आज खिळ्यांचे होते, नाड्यांना दुहेरी गाठ मारलेली. कधी घातले ते त्याला आठवेना. त्याला स्वतःची शिसारी आली; पण धावत जाऊन कोचला सांगावं, एवढी काही आली नाही.

उत्तरार्धात दाजींना मोकळी जागा मिळाली. चार पावलं ते पूर्वीसारखे सुसाट सुटले, मग मांडी धरून आडवे झाले. डॉक्टरने पाय दाबून पाहिला आणि मान हलवली. "शीर तुटलेली दिसतेय. हे वर्ष तरी विसरा." बत्तिसाव्या वर्षी वर्ष विसरणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

सामना कसाबसा जिंकला. "मेहुण्या, कपडे बदल," कोच म्हणाला.

त्याला वाटलं होतं, आता आपले पाय उचलणार नाहीत. कसलं काय! उपांत्य सामन्यात पाय जमिनीला लागत नव्हते. त्याने समोरच्यांच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून दोन ट्राय केले, आणि दुसऱ्या वेळी कोपऱ्यात चेंडू टेकवताना तो चक्क मोठ्याने हसला.

सामना संपल्यावर तो दाजींकडे गेला. ते उपचाराच्या टेबलावर पायावर बर्फ ठेवून पडले होते. कानाचा फोन काढून त्यांनी त्याच्यापुढे धरला. "ताई आहे. बोल."

"छान खेळलास रे," ताईचा आवाज रडून बसला होता. "मनाला लावून घेऊ नकोस हं. हे म्हणाले, तुला यातलं काही ठाऊकच नव्हतं."

दाजींनी त्याला डोळ्यांनीच 'हो म्हण' अशी खूण केली. हो म्हटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं.

"ठाऊक होतं, ताई. पट्टी मीच बांधली."

"मग बोलला का नाहीस?"

दाजींनी गप्प बसवलं, हे उत्तर तयार होतं, खरंही होतं. पण त्याने ते दिलं नाही.

"मला खेळायचं होतं," तो म्हणाला.

मग ताई म्हणाली, "फोन त्यांना दे."

दाजींनी फोन घेतला, पण त्याच्याकडे पाहिलं नाही. बाहेरून कोचने अंतिम सामन्यासाठी हाक मारली, आणि तो गेला.